ग्राउंड लूप

शेपटाखाली लहान चाक असलेले हलके विमान जमिनीवर धावत असताना, विशेषतः उतरल्यानंतर वेग कमी होत असताना, दिशेवरचा ताबा सुटून गर्रकन वळण्याची घटना. वळणाच्या बाहेरच्या पंखाचे टोक जमिनीला घासते आणि पुष्कळदा त्या बाजूच्या मुख्य चाकाचा आधार मोडतो.

कारणमीमांसेत मतभेद आहेत. काही लेखक आडव्या वाऱ्याला मूळ कारण मानतात : उभ्या शेपटीवर वारा आदळला की विमानाचे नाक वातकुक्कुटाप्रमाणे वाऱ्याकडे वळते. दुसऱ्या मतानुसार मूळ दोष चाकांच्या मांडणीत आहे. या विमानांत मुख्य चाके गुरुत्वमध्याच्या (विमानाचे सारे वजन जेथे एकवटले आहे असे मानता येते त्या बिंदूच्या) पुढे असतात. त्यामुळे नाक थोडे जरी वळले तरी चाकांवरचे आडवे घर्षण ते वळण सावरण्याऐवजी वाढवते, तर नाकाखाली चाक असलेल्या विमानात मुख्य चाके गुरुत्वमध्याच्या मागे असल्याने तेच घर्षण विमानाला सरळ करते. वारा पूर्ण पडलेला असतानाही ग्राउंड लूप घडतो, हे लक्षात घेता दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. वाऱ्याचा झोत वळणाला सुरुवात करून देतो, ते वाढते मात्र गुरुत्वमध्याच्या स्थानामुळे.

झोतांच्या वाऱ्याचा धोका आणखी एका कारणाने वाढतो. सुकाणूवरचे (उभ्या शेपटीच्या मागच्या, नाक डावी-उजवीकडे वळवणाऱ्या हलत्या भागावरचे) वायुबल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणजे वेग निम्मा झाला की ते चौथाईवर येते. सुकाणू निष्प्रभ होत चाललेले आणि शेपूटचाकाची पकड अजून पक्की न झालेली, अशा अवधीत आलेला झोत पंखांवरील उचल वाढवून चाकांवरचा भार, पर्यायाने त्यांची पकडही, कमी करतो.

अशा वाऱ्यात तिन्ही चाके एकदम टेकवावीत की आधी मुख्य चाके, यावर वैमानिकांत एकमत नाही. पहिल्या पद्धतीत टेकतानाचा वेग कमी राहतो. दुसरीत सुकाणू प्रभावी असतो, परंतु पुढे शेपूट खाली आणण्याचा नाजूक टप्पा उरतोच. वाऱ्याकडच्या बाजूचा एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेचा हलता भाग) वर ठेवणे, वेग उतरेल तसे त्याचे विचलन वाढवणे आणि विमान थांबेपर्यंत पाय सुकाणूवर ठेवणे, याबाबत वाद नाही. झोतांमुळे वाऱ्याच्या वेगात पडणाऱ्या फरकाच्या निम्मा वेग उतरताना अधिक ठेवण्याचा संकेत आहे. वारा १२ नॉट (ताशी सागरी मैल) व झोत २० नॉट असल्यास ४ नॉट.

भारतात टायगर मॉथ, एचटी-२ व पुष्पक ही प्रशिक्षण विमाने याच मांडणीची होती. ऑक्टोबर २०२५ मध्ये उद्घाटन झालेल्या नवी मुंबई विमानतळाची धावपट्टी स्थूलमानाने पूर्व-पश्चिम आहे. पावसाळी नैर्ऋत्य वारा तिच्याशी सुमारे ३५ अंशांचा कोन करील, तेव्हा २० नॉट वाऱ्याचा आडवा घटक ११ ते १२ नॉट भरतो. तेथील प्रवासी विमाने नाकचाकी असल्याने हा विशिष्ट धोका त्यांना सहसा संभवत नाही.