पॉक्सो: पोलिसांना कळवणं म्हणजे चौकशी नव्हे

शाळा असो, वसतिगृह असो की क्रीडा प्रबोधिनी, मुलाच्या लैंगिक छळाबद्दल काही कानावर आलं की ठरलेलं वाक्य येतं: "आधी आपल्या पातळीवर चौकशी करू, तथ्य आढळलं तर पोलिसांकडे जाऊ." हा क्रमच चुकीचा आहे, आणि तो मुलाला फार महागात पडतो.

संस्थेतली चौकशी सगळ्यांच्या अंगवळणी पडलेली आहे. नोटीस, खुलासा, जबाब, अहवाल, सेवानियमांप्रमाणे कारवाई. त्यात नवं सांगण्यासारखं काही नाही.

कळवण्याचं तसं नाही. पॉक्सो म्हणजे १८ वर्षांखालच्या मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणारा २०१२ चा कायदा. त्याच्या कलम १९ प्रमाणे गुन्हा घडल्याची माहिती असेल किंवा घडेल अशी नुसती धास्ती असेल, तरी विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना सांगणं बंधनकारक आहे. १०९८ या बाल मदतवाहिनीची मदत जरूर घ्या, पण कायद्यात नाव आहे ते पोलिसांचं. सांगणाऱ्याने काहीही सिद्ध करायचं नसतं. खरं-खोटं ठरवणं हे तपासाचं आणि न्यायालयाचं काम. सद्भावनेने कळवलं आणि पुढे काही निघालं नाही, तरी कलम १९ सांगणाऱ्याला संरक्षण देतं. न कळवणाऱ्याला मात्र कलम २१ खाली ६ महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. आणि हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवणाऱ्या संस्थाप्रमुखाला १ वर्षापर्यंत कैद व दंड. चंद्रपूर जिल्ह्यातल्या वसतिगृहाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट सांगितलं, की माहीत असून न कळवणं हा गंभीर गुन्हा आहे.

'आधी खात्री' करताना काय बिघडतं ते बघा. मुख्याध्यापकांच्या खोलीत पाच मोठी माणसं, समोर आठ वर्षांची मुलगी. वर्गशिक्षिकेला सांगितलेलं ती चौथ्यांदा सांगते आहे. कुणीतरी विचारतं, "सरांनी इथे हात लावला का?" उत्तर प्रश्नातच आलं, पुढे उलटतपासणीत बचावपक्ष नेमकं यावरच बोट ठेवतो. समोरासमोर बसवलं तर ती घाबरून शब्द फिरवते. दरम्यान संशयिताला मेसेज पुसायला वेळ मिळतो आणि सीसीटीव्हीवर नवं चित्रण चढून जुनं जातं. माफीनामा लिहून घेऊन प्रकरण 'मिटवणं' तर सर्वांत वाईट. हे मिटवण्याचा अधिकार संस्थेला नाही, पालकांनाही नाही.

मूल बोललं की ऐका. "काय झालं?" याच्या पलीकडे खोदून विचारू नका. "कुणाला सांगणार नाही" असं वचन देऊ नका, ते पाळता येणार नाही. नंतर लगेच मुलाचे शब्द, त्याच्याच बोलीत, जसेच्या तसे लिहा. तारीख, वेळ, कोण हजर होतं, पुढे काय केलं, खाली सही. "विनयभंग झाल्याचे दिसते" असले निष्कर्ष नकोत. घटना ताजी असेल तर कपडे धुऊ नयेत, आणि वैद्यकीय मदतीसाठी एफआयआरची वाट पाहू नये. चित्रण जपून ठेवा. संशयिताला मुलांपासून लगेच दूर ठेवा. पोलिसांनी माहितीला नोंद क्रमांक देऊन ती लिहून घ्यायची आणि वाचून दाखवायची असते. क्रमांक घेतल्याशिवाय उठू नका. बालकल्याण समितीला आणि विशेष न्यायालयाला २४ तासांच्या आत कळवणं ही पुढची जबाबदारी पोलिसांची.

मग संस्थेने चौकशी करूच नये का? करावी, पण कळवल्यानंतर, पोलिसांच्या कामाच्या आड न येता, आणि वेगळ्या प्रश्नांची: तो माणूस मुलांसोबत एकटा कसा राहिला, नेमताना पडताळणी झाली का, आधीच्या कुजबुजीकडे दुर्लक्ष कुणी केलं. मुलाला त्यात पुन्हा बोलवायचं कारण नाही.

मुलाची तक्रार अंतर्गत समितीकडे पाठवून मोकळं होणं हाही तसलाच गोंधळ. ती समिती २०१३ च्या कायद्याखाली कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी आहे. तिथे चौकशीला ९० दिवस आणि सामोपचाराची सोय आहे. पॉक्सोत सामोपचार नाही.

१८ वर्षांवरील दिव्यांग व्यक्तींना पॉक्सो लागत नाही. त्यांच्या छळाची माहिती २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम ७ प्रमाणे कुणीही कार्यकारी दंडाधिकाऱ्याला देऊ शकतं. गुन्ह्याची फिर्याद पोलिसांत आहेच. मात्र वय बघायचं ते घटनेच्या दिवशीचं. आज विशीत असलेल्या मुलीने पंधराव्या वर्षीचं सांगितलं, तरी ते पॉक्सोतच येतं, फक्त घटना १४ नोव्हेंबर २०१२ रोजीची किंवा नंतरची, म्हणजे कायदा लागू झाल्यापासूनची हवी.