डिक्लिनेशन लूप्स की डिफ्लेक्शन लूप्स? डेंटिस्टच्या मानेचा हिशोब

लूप्स म्हणजे दात मोठे दिसावेत म्हणून डेंटिस्ट लावतात ते भिंगांच्या छोट्या नळ्या बसवलेले चष्मे. ते घ्यायला गेलं की जवळपास प्रत्येक जोडीला ‘एर्गोनॉमिक’, म्हणजे शरीराला सोयीचं, म्हटलेलं असतं. या एका शब्दाखाली दोन निराळ्या वस्तू विकल्या जातात: खाली झुकवलेल्या नळ्यांचे नेहमीचे डिक्लिनेशन लूप्स, आणि प्रिझमने प्रकाशाची वाट वळवणारे डिफ्लेक्शन लूप्स. नावं जवळजवळ सारखी, दोन्हींत अंशांची भाषा, आणि दोन्हींबद्दल ‘मान सरळ राहते’ असंच सांगितलं जातं. मानेवर पडणारा भार मात्र सारखा नसतो.

नेहमीच्या लूप्समध्ये नळी ज्या दिशेला रोखलेली, त्याच दिशेला डोळे वळवावे लागतात. डोळे खाली वळवून तासन्‌तास काम करायला मर्यादा आहे. साधारण 20 ते 30 अंशांपलीकडे डोळे शिणतात. उरलेला कोन मान आणि पाठ भरून काढतात.

समजा, आडव्या झोपलेल्या पेशंटची खालची दाढ बघायला नजर 60 अंश खाली जायला हवी. लूप्सचा डिक्लिनेशन अँगल, म्हणजे नळी खाली झुकवल्याचा कोन, 25 अंश असेल, तर डोकं 35 अंश पुढे झुकणार. अँगल 15 अंशच असेल, तर 45. स्थिर स्थितीतल्या कामासाठीचं आयएसओ 11226 हे मानक डोक्याचा कल 25 अंशांपर्यंत चालवून घेतं. त्यापुढे असं किती वेळ राहायचं यावर बंधन येतं. मणक्याचे सर्जन केनेथ हंसराज यांच्या 2014 मधल्या मॉडेलनुसार सरळ मानेवर साधारण 5 किलोचं असणारं डोकं 30 अंश झुकल्यावर मानेच्या मणक्यावर 18 किलोच्या आसपास भार टाकतं, आणि 60 अंशांवर 27 किलोच्या आसपास. हे आकडे गणिताने काढलेले आहेत, प्रत्येकाच्या मानेवर मोजलेले नाहीत. तरी दिवसभर वाकून काम करणाऱ्याने ते गांभीर्यानेच घ्यावेत.

डिफ्लेक्शन लूप्समध्ये डोळे जवळपास समोर बघतात आणि नळीतला प्रिझम नजर खाली वळवतो, पेरिस्कोपसारखा. प्रिझमने 45 अंश दिले, तर त्याच दाढेसाठी मानेच्या वाट्याला 15 अंशच उरतात. मानेला एवढी सूट नेहमीच्या लूप्सकडून मिळत नाही.

पण ही सूट फुकट मिळत नाही. डोळे समोर आणि हात खाली, ही फारकत मेंदूला अंगवळणी पडायला वेळ लागतो. सुरुवातीला हॅण्डपीस, म्हणजे दात कोरायचं हातातलं यंत्र, तोंडात नेताना नळीबाहेरून बघून टोक दातापाशी न्यावं लागतं, मग नजर पुन्हा नळीत. सवय होईपर्यंत सोपी, छोटी कामंच यांवर करावीत. प्रिझममुळे वजनही वाढतं, आणि ते नाकावर जाणवतं. हेडलाइट नळीच्या दिशेने नाही, तर वळलेल्या नजरेच्या दिशेने खाली रोखावा लागतो. जुना दिवा तसाच क्लिप केला तर उजेड पेशंटच्या छातीवर पडतो. एक धोका सहसा कोणी सांगत नाही: प्रिझमचा कोन तुमच्या बसण्याच्या मानाने जास्त असेल, तर हनुवटी वर जाते आणि मान मागे पडते. तेही तितकंच वाईट.

टीटीएल (थ्रू-द-लेन्स) की फ्लिप-अप हा प्रश्न वेगळा आहे. तो नळी काचेत बसवलेली की काचेपुढे बिजागरीवर, एवढ्यापुरता. फ्लिप-अपमध्ये कोन नंतर बदलता येतो, टीटीएलमध्ये तो कायमचा ठरतो. म्हणून टीटीएल घेताना मापात कसूर नको.

माझ्या मते खरी चूक निवडीपेक्षा मापात होते. उभं राहून, किंवा सवयीने वाकलेल्या अवस्थेत वर्किंग डिस्टन्स, म्हणजे डोळ्यापासून दातापर्यंतचं अंतर, मोजून दिलं, तर तो वाकच लूप्समध्ये पक्का होतो. स्वतःच्या स्टूलवर बसा, कोपरं अंगालगत ठेवा, पेशंटच्या जागी कुणाला तरी झोपवा, खुर्ची योग्य उंचीवर आणा, आणि मगच ते अंतर घेऊ द्या. बाजूने फोटो काढून घ्या: कान खांद्याच्या किती पुढे गेलाय, ते त्यात लगेच दिसतं.

मान दुखत नसेल आणि कामं छोटी असतील, तर नीट मोजलेले, पुरेशा डिक्लिनेशनचे हलके लूप्स मला पुरेसे वाटतात. एकाच पेशंटवर दीड-दोन तास रूट कॅनॉल करणाऱ्यांनी, किंवा संध्याकाळी मान धरते अशांनी, डिफ्लेक्शन लूप्स लावून बघावेत. शोरूममध्ये पाच मिनिटं नव्हे, क्लिनिकमध्ये काही दिवस. हाताला मुंग्या येत असतील किंवा पकड सैल होत असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवा, लूप्स नंतर. आणि कुठलेही लूप्स लावले तरी फोकस सुटू नये म्हणून डोकं एका जागी रोखलं जातंच, तेव्हा दोन पेशंटांच्या मध्ये ते काढून ठेवा आणि मान मोकळी करा.