बागेतला ड्रोन आणि परवानगीचा घोळ: थोडी पार्श्वभूमी

"ॲपमध्ये ग्रीन दाखवतंय, मग बागेत उडवायला काय प्रॉब्लेम?" नवीन ड्रोन घेतलेला प्रत्येक जण हे एकदा तरी विचारतोच, मी पण विचारलं होतं. ग्रीन म्हणजे ड्रोनच्या सरकारी नकाशातला मोकळा भाग, पण बागेत तेवढ्याने भागत नाही. ड्रोन म्हणजे काय, वजनाचे गट किती वगैरे इथे सांगत बसत नाही, ते सगळ्यांना माहितीये.

लांबचा इतिहास दोन ओळींचा. 1934 च्या विमान कायद्यात एअरक्राफ्टच्या व्याख्येत फुगे आणि पतंगसुद्धा होते, म्हणजे संक्रांतीला गच्चीवरून जे उडतं तेही कागदोपत्री विमानच, पण त्यावरून पोरांना कुणी परवाना मागितल्याचं ऐकलं नाही. खरी गोष्ट मे 2014 ची. मुंबईत एका पिझ्झावाल्याने लोअर परळहून वरळीतल्या टॉवरवर ड्रोनने पिझ्झा पोचवला, व्हिडिओ सगळीकडे फिरला, आणि पोलिसांनी विचारलं, परवानगी कुणाची घेतली? ती घ्यायची कुणाकडून हेच तेव्हा धड कुठे लिहिलेलं नव्हतं. ऑक्टोबर 2014 मध्ये दिल्लीहून नोटीस निघाली की नियम होईपर्यंत खासगी ड्रोन बंद. नियम व्हायला चार वर्षं गेली, मधे 2016 आणि 2017 ला मसुदे आले, आणि त्या चार वर्षांत लग्नाच्या मांडवावर ड्रोन फिरायचे काही थांबले नाहीत.

27 ऑगस्ट 2018 ला नियम आले, 1 डिसेंबरपासून लागू. ड्रोनला नंबर, चालवणाऱ्याला 25 हजार फीचा परवाना, आणि सॉफ्टवेअरमध्येच अशी सोय हवी की परवानगी नसेल तर ड्रोन जमिनीवरून उठणारच नाही. बाजारात तेव्हा असे ड्रोन जवळजवळ नव्हतेच. सूट होती ती 250 ग्रॅमपर्यंतच्या नॅनोला, तीही 50 फुटांपर्यंत. 2019 च्या शेवटी एक छोटा ड्रोन आला ज्याच्या अंगावरच 249 ग्रॅम असं छापलेलं होतं, आणि मग सगळ्यांचं डोकं त्या एका ग्रॅमवर चाललं. माझ्या मित्राने त्याला वरून रंगीत स्टिकर आणि पंख्यांना गार्ड लावले, किराणा दुकानाच्या काट्यावर ठेवला तर 270 च्या वर. म्हणजे सूट गेली.

याच नियमांत एक बारीक शब्द होता जो पुढे फार नडला. दोन किलोपर्यंतचा ड्रोन 200 फुटांखाली उडवायचा तर पोलीस ठाण्याला 24 तास आधी "कळवायचं" होतं. कळवायचं, परवानगी मागायची नाही. पण ठाण्यात अर्ज घेऊन गेलं की टेबलामागच्या माणसाला ते परवानगीच वाटतं, आणि परवानगी द्यायचा अधिकार आपला नाही हेही त्याला माहीत असतं, मग तो वरच्या ऑफिसला पाठवतो आणि वरचं ऑफिस पुन्हा ठाण्यात.

मार्च 2021 मध्ये आणखी जाडजूड नियम आले आणि ऑगस्टमध्ये गुंडाळलेही गेले. मधे जूनच्या शेवटी जम्मूच्या हवाई तळावर ड्रोनने हल्ला झाला, सगळ्यांना वाटलं आता आवळणार, झालं उलटं. 25 ऑगस्ट 2021 च्या ड्रोन नियमांनी 25 फॉर्मचे 5 केले, 72 प्रकारच्या फीच्या 4, आणि ग्रीन झोनमध्ये 400 फुटांपर्यंत परवानगीच नको. विमानतळाभोवतीचा यलो झोन 45 किलोमीटरवरून 12 वर आला. महिन्याभरात रंगीत नकाशा आला, आणि इथून तो "ग्रीन"चा घोळ सुरू झाला.

आपल्याकडे ज्याने कधी प्लॉट बघितलाय त्याच्या डोक्यात ग्रीन झोन म्हणजे शेती, बांधकाम नाही, आणि यलो झोन म्हणजे रहिवासी, बिनधास्त घ्या. ड्रोनच्या नकाशात नेमकं उलटं, ग्रीन म्हणजे मोकळं आणि यलो म्हणजे विचारा. त्यात बाग स्वतःच हिरवी. एका काकांनी मला शपथेवर सांगितलं होतं की बागा सगळ्या ग्रीन झोनमध्येच येतात, म्हणून तिथे चालतं 😄. झाडांचा आणि नकाशाचा काही संबंध नाही. शिवाजी पार्क सांताक्रूझच्या विमानतळापासून आठ किलोमीटरच्या आत आहे, आणि इतक्या जवळ जमिनीपासूनच विचारायला लागतं. पुण्यात लोहगाव, खडकवासला, खडकी, पाषाण अशी संरक्षण खात्याची इतकी ठिकाणं की बागेआधी शेजारी कोण आहे ते बघायचं. बोरिवलीचा नॅशनल पार्क तर नावालाच पार्क, तिथे वन्यजीव कायदा आणि वनखातं.

बरं, समजा तुमची बाग खरंच ग्रीनमध्ये आहे. तरी मुंबईत उडत नाही, कारण जमावबंदीचं कलम. फौजदारी प्रक्रियेतल्या 144 खाली, आणि जुलै 2024 पासून नव्या संहितेच्या 163 खाली, शहरात ड्रोन, पॅराग्लायडर, हॉट एअर बलून सगळ्यावर मनाईचा आदेश निघतो. कारण ठरलेलं, अतिरेकी त्यांचा वापर करतील. 26/11 पाहिलेल्या शहरात या कारणाला कोण हसणार, आणि मी हसतही नाहीये. पण असा आदेश कायद्यात दोन महिन्यांपुरताच असतो, संपतो आणि पुन्हा निघतो, मजकूर तोच, तारखा फक्त बदललेल्या, आणि वर्षानुवर्षं हे चाललंय. जानेवारी 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काश्मीरच्या इंटरनेट बंदीच्या खटल्यात स्पष्ट म्हटलं की 144 चे आदेश परत परत काढणं हा अधिकाराचा गैरवापर ठरेल. तो खटला ड्रोनचा नव्हता हे मान्य. पण 2021 च्या नियमांत पोलिसांसाठी वेगळी सोय आहेच, गरज पडली तर तात्पुरता रेड झोन, म्हणजे उडवायला बंद भाग, जाहीर करा, जास्तीत जास्त 96 तास, आणि तो नकाशावर दिसला पाहिजे. आता 96 तासांची सोय असताना महिनोन्महिने चालणारा आणि नकाशावर न दिसणारा आदेश कशाला? समोरच्या बाजूचं म्हणणं असं की विमान वाहतुकीचे नियम वेगळे आणि कायदा-सुव्यवस्था वेगळी, एकाने दुसरं रद्द होत नाही. कायद्याने ते बरोबरही असेल, पण ॲप बघून बागेत आलेल्या माणसाला गुन्हा दाखल होईपर्यंत कळत नाही याचं उत्तर त्यात नाही. लेखी परवानगी मिळू शकते, तशी तरतूद आदेशातच असते, पण हौसेखातर उडवणाऱ्याने मागावी असं ते प्रकरण नाही.

विमान खातं आणि पोलिसांनंतर तिसरा मालक पालिका. हवा तिची नाही, पण गेट तिचं. शूटिंग म्हटलं की उद्यान खात्याची परवानगी आणि फी, आणि ड्रोन म्हणजे शूटिंगच असं धरतात. मला एका बागेत वॉचमनने थांबवलं तेव्हा मी ऐटीत नकाशा दाखवला, तो म्हणाला, "दादा, ते मोबाईलमधलं राहू द्या, बोर्ड वाचा." बोर्डवर फुलं तोडू नये, कुत्रं आणू नये, आणि खाली वेगळ्या रंगात ड्रोन.

वातावरण नंतर आणखी बदललं. लॉकडाऊनमध्ये लोकांनी ड्रोन पाहिला तो पोलिसांचा, गल्लीवर नजर ठेवणारा. 2024 च्या पावसाळ्यात शिरूर, जुन्नर, बीडकडे रात्री ड्रोन फिरतायत म्हणून गावंच्या गावं जागली. मे 2025 मध्ये सीमेवर काय झालं ते सांगायला नकोच, त्यानंतर साधा खेळण्यातला ड्रोन वर गेला तरी लोक मोबाईल काढून फोन लावतात. सप्टेंबर 2025 मध्ये ड्रोनसाठी स्वतंत्र कायद्याचा मसुदा हरकतींसाठी आला, त्यात विमा सक्तीचा आणि पोलिसांना जप्तीचे अधिकार. आणि वर्ष संपता संपता नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाला, खारघरचं सेंट्रल पार्क त्याच्यापासून आठ किलोमीटरच्या आतच पडतं, तेव्हा तिकडे जाणाऱ्यांनी जुना स्क्रीनशॉट दाखवू नका, नकाशा नव्याने उघडून बघा.