डोक्यात बसलेली गाणी आणि तोंडात बसलेली मतं

नको असलेलं गाणं डोक्यात फिरायला लागलं की माणूस आधी वैतागतो आणि मग मत देतो. "टुकार गाणीच अशी चिकटतात." "डोकं रिकामं असलं की हे असंच होतं." "एकदा शेवटपर्यंत ऐकून टाक, जाईल आपोआप." "कुठलं ते सांगू नकोस हं, नाहीतर मलाही लागेल." हृदयविकारावर किंवा करांच्या नियमांवर बोलताना माणसं थोडी तरी चाचरतात. इथे कोणी चाचरत नाही, कारण पुरावा म्हणून प्रत्येकाकडे स्वतःचं डोकं हजर असतं. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत मानसशास्त्रज्ञांनी यातली बरीच मतं खरोखर तपासून पाहिली. काही साफ पडली, काही काठावर पास झाली.

आधी एक दिलासा. फिनलंडमधले संशोधक लास्सी लीक्कानेन यांनी इंटरनेट वापरणाऱ्या 12 हजारांहून अधिक लोकांना विचारलं, तेव्हा सुमारे 90 टक्के लोकांनी आठवड्यातून एकदा तरी असं होतं म्हणून सांगितलं. म्हणजे हा काही आजार नव्हे, चालू डोक्याचा नेहमीचा उद्योग आहे. संशोधक त्याला 'अनैच्छिक सांगीतिक प्रतिमा' असं भारदस्त नाव देतात आणि चहाच्या वेळी आपसात 'इअरवर्म' म्हणतात.

डोक्यात फिरतं ते सहसा अख्खं गाणं नसतंच. मुखड्याच्या दोन ओळी, फार तर त्यांच्यामागचा ठेका, एवढाच काही सेकंदांचा तुकडा संपतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. आवाज कुठेच नसताना तो 'ऐकू' कसा येतो? अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजमधल्या संशोधकांनी 2005 मध्ये एक सुबक प्रयोग केला. मेंदूच्या स्कॅनरमध्ये झोपवलेल्या लोकांना गाणी ऐकवली, पण मध्येच दोन ते पाच सेकंद आवाज पूर्ण बंद केला. गाणं अनोळखी असेल तर त्या शांततेत विशेष काही घडत नसे. गाणं ओळखीचं असेल तर मेंदूतला ऐकण्याचा भाग त्या शांततेतही काम करत राही. लोकांनी नंतर सांगितलं की बंद पडलेल्या जागीही गाणं त्यांना ऐकू येत होतं. कोणी त्यांना मनातल्या मनात गा म्हणून सांगितलं नव्हतं. ओळखीच्या चालीतली रिकामी जागा मेंदू आपणहून भरतो, परवानगी विचारत नाही.

आता मतांकडे येऊ. "टुकार गाणीच चिकटतात" हे सर्वांत लोकप्रिय मत, आणि सर्वांत चुकीचंही. लोकांना नोंदी ठेवायला सांगितलं की डोक्यात फिरणारी बहुतेक गाणी त्यांना आवडणारी किंवा चालून जाणारी निघतात. मग गैरसमज कुठून आला? आवडतं गाणं फिरत असलं की आपण त्याला गुणगुणणं म्हणतो आणि भांडी घासत राहतो. नावडतं फिरलं की तक्रार करतो. तक्रारी लक्षात राहतात, त्यामुळे यादीत फक्त टुकार गाणी उरतात. (अनेक कौटुंबिक वादांचा हिशेबही याच पद्धतीनं ठेवला जातो, पण तो वेगळा विषय.)

"ज्यांना संगीतातलं कळत नाही त्यांनाच असं होतं" हे त्याचं धाकटं भावंड. इथे तर चित्र उलटंच आहे. संगीत ज्यांच्या आयुष्यात जास्त, त्यांच्या डोक्यात ते अडकतंही जास्त. हे दिसायला प्रयोगशाळा लागत नाही म्हणा, पण काही लोकांना लागते.

चिकटणाऱ्या चालींत काही वेगळं असतं का, हे केली याकुबोव्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2016 मध्ये पाहिलं. सुमारे 3000 लोकांनी आपापली अडकणारी गाणी कळवली. त्यांतली सर्वाधिक वेळा आलेली गाणी घेऊन, तितक्याच लोकप्रिय पण कोणीच न कळवलेल्या गाण्यांशी त्यांची तुलना केली. अडकणारी गाणी थोड्या जलद लयीची निघाली. त्यांच्या चालीची एकूण चढ-उतार अगदी सर्रास आढळणारी होती, लहान मुलांच्या गाण्यांत असते तशी, आधी वर जाऊन मग खाली येणारी. मात्र या सरधोपट चढ-उतारात कुठेतरी एखादी अनपेक्षित उडी किंवा एकाच सुराची नेहमीपेक्षा जास्त पुनरावृत्ती होती. निव्वळ सोपी चाल विसरली जाते आणि निव्वळ विचित्र चाल मुळात लक्षातच राहत नाही.

चाल कितीही पकडणारी असली तरी ती डोक्यात शिरते मुख्यतः एका साध्या कारणानं: ती नुकतीच ऐकलेली असते, किंवा पुन्हा पुन्हा ऐकलेली असते. व्हिक्टोरिया विल्यमसन यांच्या 2012 च्या अभ्यासात हेच कारण वरचढ ठरलं. त्याखालोखाल आठवणीचे धागे होते. गाण्यातला एखादा शब्द कानावर पडला, एखादी व्यक्ती दिसली, एखादी जागा लागली की गाणं सुरू. म्हणजे "सांगू नकोस, मलाही लागेल" ही भीती अगदीच खुळी नाही. गाणं ऐकायलाच हवं असं नसतं, नुसतं नाव पुरतं. मार्क ट्वेन यांनी 1876 मध्ये यावरच एक विनोदी कथा लिहिली होती. तिकिटं तपासणाऱ्या कंडक्टरवरच्या काही ओळी निवेदकाच्या डोक्यात बसतात, त्याचं लिहिणं-खाणं बंद पडतं, आणि त्या एका पाद्री मित्राला ऐकवल्यावरच त्याची सुटका होते. पुढचे हाल अर्थात मित्राचे. दुसऱ्याला दिलं की आपल्याकडून जातं, हा भाग मात्र कथेतच ठेवावा.

रिकाम्या डोक्याचा मुद्दा जास्त मजेशीर आहे. आयरा हायमन आणि सहकाऱ्यांनी 2013 मध्ये लोकांना गाणी ऐकवून मग कोडी सोडवायला बसवलं, काहींना सोपी, काहींना अवघड. सोप्या कोड्यांच्या वेळी लक्ष भरकटलं आणि गाणं परत आलं. इथपर्यंत लोकमत बरोबर. पण कोडी फारच अवघड झाली तेव्हाही गाणं परत आलं, कारण माणसानं मनातून हात टेकले आणि मोकळ्या झालेल्या लक्षात गाणं येऊन बसलं. सर्वांत कमी त्रास झाला तो झेपेल इतक्या अवघड कामात. तेव्हा गाणं घालवायला एखादं अतिगंभीर पुस्तक उघडणाऱ्यांनी आपण ते खरंच वाचतो आहोत ना, हे आधी बघावं.

"शेवटपर्यंत ऐक म्हणजे जाईल" यामागे एक नामांकित सिद्धान्त उभा केला जातो. ब्लूमा झायगार्निक यांनी 1927 मध्ये मांडलं की अर्धवट राहिलेली कामं पूर्ण झालेल्या कामांपेक्षा जास्त लक्षात राहतात. डोक्यातलं गाणंही अर्धवटच असतं, म्हणून ते खुपत राहतं, असा तर्क. तर्क देखणा आहे, पण मूळ परिणामच नंतरच्या प्रयोगांत डळमळीत दिसला, त्यामुळे त्यावर फार भार टाकता येत नाही. तरी बरेच लोक हा उपाय करतात आणि गुण आला असं सांगतात. काही जण काट्यानं काटा काढतात, म्हणजे दुसरं गाणं लावतात. ब्रिटिश लोकांनी अशा उताऱ्यांत आपलं राष्ट्रगीतही सुचवलं आहे. ते डोक्यात फारसं थांबत नाही, असा त्याचा अर्थ घ्यायचा का हे त्यांचं त्यांनी ठरवावं.

जोर लावून गाणं हाकलणं मात्र हमखास अंगाशी येतं. डॅनियल वेग्नर यांनी 1987 मध्ये लोकांना पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका असं सांगितलं आणि अस्वल पुन्हा पुन्हा आलं. विचार दाबायचा तर तो आला का हे तपासत राहावं लागतं, आणि ते तपासणंच त्याला आमंत्रण ठरतं. फिलिप बीमन आणि टिम विल्यम्स यांना 2010 मध्ये गाण्यांच्या बाबतीत तेच दिसलं. गाणं नेटानं घालवणाऱ्यांच्या डोक्यात ते जास्त वेळ टिकलं. त्याच बीमन यांच्या चमूनं 2015 मध्ये एक विलक्षण स्वस्त उपाय तपासला: चिंगम चघळणं. ते चघळणाऱ्यांच्या डोक्यात गाणं कमी वेळा आलं. मनातल्या मनात गाताना आपण बोलण्याची यंत्रणा गुपचूप वापरत असतो. जीभ आणि जबडा दुसऱ्या कामाला लावले की तिची पंचाईत होते. नुसतं बोटानं टेबलावर टकटक करून तेवढा फरक पडला नाही.

झोपेबद्दलही एक सुज्ञ वाटणारं मत आहे: झोपण्याआधी शब्द नसलेलं संगीत ऐकावं, म्हणजे डोक्यात काही राहत नाही. मायकल स्कलिन यांनी 2021 मध्ये हे उलटं पाडलं. लोकप्रिय गाण्यांच्या केवळ वाद्यांवर वाजवलेल्या आवृत्त्यांनी शब्दांसकट गाण्यांपेक्षा जास्त गाणी अडकवली आणि झोपही बिघडवली. डार्टमथचा प्रयोग आठवला तर यात फार आश्चर्य नाही. रिकामी जागा दिसली की मेंदू ती भरायला बसतो, आणि इथे तर सगळे शब्दच गाळलेले.

या सगळ्यात मला सर्वांत थक्क करणारी गोष्ट वेगळीच वाटते. कॅलिफोर्नियातल्या सांताक्रूझ इथल्या संशोधकांनी 2024 मध्ये 30 लोकांना सांगितलं की फोनवर सूचना आली की डोक्यात जे गाणं चालू असेल ते गाऊन रेकॉर्ड करा. त्यांत कोणी मुरलेले गायक नव्हते, आणि ऐकता क्षणी सूर ओळखण्याची दुर्मीळ क्षमताही कोणाकडे नव्हती. तरीही 44.7 टक्के रेकॉर्डिंग मूळ गाण्याच्या नेमक्या पट्टीत निघाली, आणि 68.9 टक्के फार तर अर्ध्या स्वराच्या फरकात. मूळ गाणं समोर नाही, सूर द्यायला कोणी नाही, आणि "आपल्याला काही सुरात गाता येत नाही" म्हणणारा माणूस पट्टी धरून बसलेला. स्वतःबद्दलची मतंही तपासून घ्यावीत ती अशी.

आणि मेंदू हे फुकट करत नसावा. जनाटा आणि क्यूबिट यांच्या प्रयोगात लोकांना आधी अनोळखी सुरावटी ऐकवल्या आणि पुढे त्याच सुरावटी चित्रफितींच्या मागे वाजवल्या. ज्या सुरावटी नंतर डोक्यात जास्त फिरल्या, त्यांच्याबरोबर पाहिलेल्या फितींचे तपशील जास्त नीट लक्षात राहिले. गाणं फिरताना आपल्याबरोबर त्या वेळचा प्रसंगही घोटून घेतं.

घोटण्याचं हे तंत्र फक्त गाण्यांपुरतं राहत नाही. हॅशर, गोल्डस्टीन आणि टोपिनो यांनी 1977 मध्ये लोकांना काही विधानं काही आठवड्यांच्या अंतरानं तीन वेळा दाखवली. पुन्हा पुन्हा दिसलेली विधानं, खरी असोत वा खोटी, लोकांना हळूहळू जास्त खरी वाटू लागली. ओळखीचं वाक्य डोक्यात सहज शिरतं, आणि त्या सहजपणालाच आपण खरेपणा समजतो. माहिती असली तरी सुटका नाही. लिसा फाजियो यांच्या 2015 च्या अभ्यासात एक विधान होतं: स्कॉटलंडचे पुरुष जो आखूड, चुण्यांचा घागरा घालतात त्याला साडी म्हणतात. बरोबर उत्तर ठाऊक असलेल्या लोकांनाही असली विधानं दुसऱ्यांदा वाचल्यावर थोडी जास्त पटली. सगळ्यांनी साडीवर विश्वास ठेवला असं नव्हे, पण काटा सरकला.

मताला यमक मिळालं की काम आणखी सोपं. मॅक्ग्लोन आणि तोफिगबक्श यांनी 2000 मध्ये लोकांना अनोळखी सुभाषितं वाचायला दिली, काही यमक असलेली, काही तोच अर्थ ठेवून यमक काढलेली. यमकवाली जास्त अचूक वाटली. "अति तिथे माती" ऐकून माना डोलतात. "कोणतीही गोष्ट प्रमाणाबाहेर केल्यास नुकसान संभवतं" ऐकून कोणीतरी विचारतं, कशावरून? मात्र वाचण्याआधीच 'शब्दांच्या सौंदर्याकडे नाही, अर्थाकडे बघा' असं सांगितलं, तेव्हा यमकाचा तोरा उतरला.

पुनरावृत्तीवरही असाच एक उतारा सापडला आहे. ब्रेशियर, एलिसीव्ह आणि मार्श यांनी 2020 मध्ये काही लोकांना विधान पहिल्यांदा समोर येतानाच ते कितपत खरं आहे हे ठरवायला लावलं, आणि इतरांना फक्त ते किती रंजक आहे एवढंच विचारलं. रंजकता मोजणारे पुढच्या वेळी फसले. खरंखोटं आधीच तपासलेले फसले नाहीत, पण हे संरक्षण फक्त त्याच विधानांपुरतं होतं ज्यांचं बरोबर उत्तर त्यांना आधीपासून ठाऊक होतं. बाकीच्या विधानांबाबत त्यांनाही दुसऱ्यांदा ऐकलेलंच जास्त खरं वाटलं.