ग्वाकामोले की ग्वासाकाका? अ‍ॅव्होकाडोच्या दोन लो-कार्ब चटण्या

दोन्ही हिरव्या, दोन्हींत कांदा-कोथिंबीर, नावंही जुळी वाटावीत अशी. पण ग्वाकामोले मेक्सिकोचं, तिथल्या दगडी खलात म्हणजे मोल्काहेतेत ठेचलेलं. ग्वासाकाका व्हेनेझुएलाचं, वाटून पातळ केलेलं, भाजलेल्या मांसावर आणि अरेपावर (तिथल्या जाड भाकरीवर) ओतायचं. एकाची कृती दुसऱ्याला लावली की दोन्ही बिघडतात.

आधी फळ बघा. हास जातीचं फळ पिकलं की साल काळपट होते, गर लोण्यासारखा घट्ट. ग्वाकामोलेला हेच हवं. कूर्गकडून येणारी मोठी हिरवी फळं बरेचदा पाणीदार निघतात; त्यांचं ग्वाकामोले पाणी सोडतं, ग्वासाकाका मात्र छान होतं. कच्चं फळ कशालाच चालत नाही. मायक्रोवेव्हमध्ये ते मऊ पडतं, पिकत नाही, उलट कडवट लागतं. कागदी पिशवीत केळ्याबरोबर दोनेक दिवस ठेवा.

ग्वाकामोलेसाठी ३०० ग्रॅम गर (साधारण दोन हास), २ मोठे चमचे बारीक कांदा, १-२ हिरव्या मिरच्या, मूठभर कोथिंबीर, पाऊण छोटा चमचा मीठ. कांदा, मिरची, मीठ आणि अर्धी कोथिंबीर खलबत्त्यात आधी ओलसर होईपर्यंत ठेचा. गर घातल्यावर ठेचायला गेलात तर कांदा तसाच राहतो आणि गराचा लगदा होतो. मग गर काट्याने मोडा, हरभऱ्याएवढे तुकडे राहू द्या. १ मोठा चमचा लिंबाचा रस आणि उरलेली कोथिंबीर मिसळा. टोमॅटो हवाच असेल तर अर्धा, बिया काढून, अगदी वाढताना. मीठ त्याचं पाणी ओढून काढतं. मिक्सर इथे नकोच.

ग्वासाकाकाला तेवढाच गर, अर्धी हिरवी सिमला मिरची, पाव कांदा, लसणाच्या २ पाकळ्या, मूठ मूठ कोथिंबीर आणि पार्सली, ३ मोठे चमचे व्हिनेगर, १ छोटा चमचा मीठ. गर सोडून सगळं मिक्सरमध्ये गुळगुळीत वाटा, मग गर घालून थांबत थांबत फिरवा. पाव वाटी तेल शेवटी चमच्याने ढवळा. ऑलिव्ह तेल जोरात फिरवलं तर कडू होऊ शकतं. चमच्यावरून सावकाश ओघळलं पाहिजे. आंबटपणा व्हिनेगरचाच हवा, तोच त्याला भाजलेल्या मांसाशी जुळवतो.

कार्बचं म्हणाल तर अ‍ॅव्होकाडोच्या १०० ग्रॅममध्ये साडेआठ ग्रॅमच्या आसपास कार्ब असतात, त्यातले पावणेसात तंतू, म्हणजे न पचणारे. उरतात जेमतेम दोन. वरचं ग्वाकामोले चौघांत वाटलं तर प्रत्येकी अडीच ग्रॅमच्या आत-बाहेर. ग्वासाकाकात कांदा, लसूण, सिमला मिरचीमुळे एकूण आकडा थोडा चढतो, पण तो वाढला जातो चमच्या-चमच्याने. खरा घोटाळा सोबतच्या पदार्थात आहे: मक्याच्या चिप्समध्ये १०० ग्रॅमला साठाच्या वर कार्ब, अरेपाही मक्याच्याच पिठाचा. काकडी, मुळा, सिमला मिरचीच्या फोडी किंवा ग्रिल केलेलं पनीर घ्या.

काळं पडणं हवेमुळे. मिक्सरमध्ये पेशी जास्त फुटतात, हवाही मिसळते, पण व्हिनेगर ते लांबवतं. बी वाडग्यात ठेवून काही होत नाही. ती झाकते तेवढीच जागा हिरवी राहते. प्लास्टिकची फिल्म थेट चटणीवर दाबून बसवा, फ्रिजमध्ये ठेवा. ग्वाकामोले त्याच दिवशी संपवा, ग्वासाकाका दुसऱ्या दिवशीही चांगलं लागतं.