टेस्टर पेटतो, तरी पॉइंट बंद का?

गेल्या पावसाळ्यात आमच्या स्वयंपाकघरातला मिक्सर अचानक थांबला. त्याच बोर्डावरचा फ्रिजही गप्प झाला होता. टेस्टर उजव्या भोकात घातला, तर आतला नारिंगी दिवा लागला. डाव्या भोकात घातला, तर तिथेही लागला. दोन्हीकडे करंट आहे आणि चालत मात्र काहीच नाही! वायरमन आला, बघितलं आणि म्हणाला, “रिटर्न येतोय. न्यूट्रल तुटलाय.” फेज म्हणजे करंट आणणारी तार, ती उजव्या भोकात. न्यूट्रल म्हणजे तो परत नेणारी, ती डाव्या.

त्याने पिशवीतून टेस्ट लॅम्प काढला, म्हणजे होल्डरमध्ये साधा बल्ब आणि होल्डरला दोन वायरी. फेज आणि न्यूट्रलला लावला, पेटला नाही. फेज आणि अर्थिंगला, म्हणजे वरच्या तिसऱ्या भोकातून जमिनीत जाणाऱ्या तारेला लावला, लख्ख पेटला. मेन स्विच बंद करून बोर्ड उघडला, तेव्हा न्यूट्रलच्या स्क्रूखाली अॅल्युमिनियमची जुनी तार जळून सुटलेली दिसली. फेज फ्रिजमधून फिरून डाव्या भोकापर्यंत येत होता आणि तिथेच अडत होता.

टेस्टरने खोटं सांगितलं नव्हतं, अर्धंच सांगितलं होतं. त्याची घडणच तशी आहे. निऑनचा हा छोटा दिवा डॅनियल मॅकफार्लन मूर यांनी 1917 साली अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकमध्ये तयार केला. अगदी थोड्या करंटवर तो उजळतो, म्हणून स्क्रू ड्रायव्हरच्या दांड्यात बसला. त्याच्या जोडीला मोठा रेझिस्टन्स असतो. मागच्या टोपीला बोट लावलं की मिलिअँपिअरपेक्षाही कमी करंट आपल्या अंगातून जमिनीकडे जातो आणि दिवा लागतो. म्हणजे टेस्टर फक्त फेज ओळखतो. न्यूट्रल शाबूत आहे का, अर्थिंग आहे का, हे त्याला कळत नाही. शंभर व्होल्ट असले तरी तो पेटतो, आणि त्यावर मिक्सर धड चालत नाही.

मग पॉइंटला तीन भोकं आली कुठून? मुंबईत क्रॉफर्ड मार्केटमध्ये 1882 साली विजेचे दिवे लागले, पण ती कंपनी लवकरच बुडाली. शहराला नियमित वीज 1905 पासून मिळू लागली. वीज घरात आली ती उजेडासाठी. पंखा बंद पडला तरी आपण अजून “लाइट गेली” म्हणतो, ते त्यामुळेच असावं. खोलीत पॉइंट म्हणजे बल्बचा होल्डर. पुढे इस्त्री आली, तेव्हा बल्ब काढून त्याच होल्डरमध्ये इस्त्रीची वायर अडकवण्याची सोय निघाली. त्यात तारा दोनच. इस्त्रीच्या पत्र्यात करंट उतरला, तर त्याला जमिनीत जायला वाट नव्हती. वाट होती ती धरणाऱ्याच्या हातातून.

तिसरी पिन याच धोक्यासाठी आहे. ब्रिटनमध्ये 1934 साली बी.एस. 546 हे गोल पिनांचं मानक आलं आणि तेच आपल्याकडे रुजलं. ब्रिटनने 1947 साली चौकोनी पिनांचा, आत फ्यूज असलेला प्लग स्वीकारला. आपण गोल पिनांवरच राहिलो आणि आय.एस. 1293 हे भारतीय मानक त्याच घराण्यातलं आहे. आता सॉकेटवर 6 आणि 16 अँपिअर छापलेलं असतं, तरी दुकानात लोक अजून “पाचाचा” आणि “पंधराचा” पॉइंटच मागतात.

वरची पिन लांब आणि जाड असते, कारण प्लग घालताना अर्थिंग सगळ्यात आधी जुळावं आणि काढताना सगळ्यात शेवटी सुटावं. कोणी ती पिन कापून प्लग दोन भोकांत बसवतं, तेव्हा मला खरंच भीती वाटते.

फ्यूज इथे वाचवत नाही. तो तार जळू नये म्हणून असतो आणि माणसाचा जीव जायला अँपिअरचा लहानसा भागही पुरतो. माणसासाठी आर.सी.सी.बी. म्हणजे करंटची गळती ओळखणारा स्विच लागतो. जाणारा आणि परतणारा करंट यांत 30 मिलिअँपिअरचा फरक पडला की तो खटका पाडतो. तो बसवलेला असेल, तर फेज-अर्थिंगला टेस्ट लॅम्प लावताच तोही पडेल. तो बिघाड नाही, तो काम करतोय. जुन्या चाळींत अर्थिंगची तार नळाच्या लोखंडी पाइपला बांधलेली असे. दुरुस्तीत मध्ये प्लॅस्टिकचा पाइप आला की ती वाट तुटते आणि कुणाला कळतही नाही.

आमच्या स्वयंपाकघरात अर्थिंग शाबूत होतं, म्हणूनच तो बल्ब पेटला. जाता जाता वायरमनने तोच दिवा बाहेरच्या खोलीतल्या, आई रोज इस्त्री लावते त्या पॉइंटला लावून बघितला. फेज-न्यूट्रलला पेटला, फेज-अर्थिंगला नाही. बोर्ड उघडला, तर तिसऱ्या भोकामागे तारच नव्हती.