टोंगळा वाकण्याआधी सरळ झाला पाहिजे

टोंगळ्याचा, म्हणजे गुडघ्याचा, सांधा बदलून माणूस गावी आला की भेटायला येणारे एकच विचारतात, "टोंगळा किती वाकतो?" सरळ किती होतो, हे कोणी विचारत नाही, आणि घोटाळा तिथेच होतो.

सुजलेला सांधा जरा वाकलेला असला की आतला दाब कमी होतो, बरं वाटतं. म्हणून टोंगळ्याखाली उशी येते, किंवा झोळ पडलेल्या बाजेवरच दिवस जातो. तेवढ्यात सांध्यामागचं आवरण आखडतं. दहा-पंधरा अंशांचा बाक राहिला तर नुसतं उभं राहायलाही मांडीला ताकद लावावी लागते, आणि लंगडणं जात नाही.

म्हणून बाज सोडा, सपाट तखत घ्या. टाचेखाली चार-पाच इंचांची टॉवेलची घडी ठेवा, टोंगळ्याखाली काहीच नको. पाच ते दहा मिनिटं, दिवसातून तीन-चारदा. मग मांडी आवळून टोंगळा खाली दाबा, पाच सेकंद धरा, असं दहा वेळा. घडी काढल्यावर टोंगळ्यामागून हात सहज आरपार जात असेल, तर बाक अजून आहे.

वाकवण्यासाठी पायात मोजा घालून टाच हळूहळू कुल्ल्याकडे ओढा. दोन आठवड्यांत साधारण ९० अंश, तीन महिन्यांत ११०-१२०, एवढं झालं की खुर्ची आणि जिना जमतो. उकिडवं बसून निंदायला १३०च्या वर लागतं. नव्या सांध्यावर तो हट्ट धरू नका, वावरातलं ते काम दुसऱ्याकडे द्या.

पाय आपोआप हलवणारं यंत्र भाड्याने आणायची गरज नाही. कॅनडाचे डॉ. रॉबर्ट सॉल्टर यांच्या कल्पनेतून ते आलं, पण सांधा बदललेल्यांवरच्या चाचण्यांत वाकण्यात फरक दिसला तो जेमतेम दोन अंशांचा.

व्यायाम दुखण्याच्या गोळीनंतर अर्ध्या-पाऊण तासाने करा, नंतर कापडात गुंडाळलेला बर्फ १५ मिनिटं. विटेचा शेक आणि तेलाची मालीश नको, सूज वाढते. सकाळी सूज कालच्यापेक्षा जास्त वाटली तर व्यायाम निम्म्यावर आणा, बंद करू नका.

पोटरी सुजून दुखली, जखमेतून पाणी आलं, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. दम लागला तर १०८ला फोन करा. सहा आठवड्यांनीही ९० अंश होत नसेल तर सर्जनला दाखवा; भूल देऊन सांधा मोकळा करायचा झाला, तर तो पहिल्या तीन महिन्यांतच चांगला सुटतो.